एक पाय जमिनीवर

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ टाकली : ‘आज स्कूटर घेतली.’ पाच मिनिटांत अभिनंदनाचा पाऊस पडला. धुळ्याच्या आत्याने नारळाचं चित्र पाठवलं. संगमनेरच्या मामांनी रंग विचारला. चुलतभावाने ‘ॲव्हरेज किती देते?’ हा मराठी माणसाचा वाहनाविषयीचा पहिला आणि शेवटचा प्रश्न केला. मेहुणीने पेढे मागितले. मग मी फोटो टाकला. फोटोत दीड-दोन हात लांबीची एक फळी होती, तिच्या पुढे-मागे दोन चाकं, पुढच्या चाकावर उभा दांडा आणि दांड्याच्या टोकाला दोन मुठी. ग्रुप एकदम गप्प झाला. श्राद्धाच्या जेवणालासुद्धा आमच्या घराण्यात इतकी शांतता नसते. दोन तासांनी आत्याचा मला एकट्याला निरोप आला, ‘बँकेत सगळं ठीक आहे ना रे?’

घरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काठी टेकत त्या वस्तूला एक प्रदक्षिणा घातली. अण्णा ८२ वर्षांचे आहेत आणि वस्तूची पारख करताना पूर्वी ते सहसा चुकत नसत.

“सीट?”

“नाही, अण्णा.”

“डिकी?”

“नाही.”

“स्टेपनी?”

“नाही.”

“मग घेतलंस काय?”

अण्णांच्या पिढीला स्कूटर या शब्दाचा दुसरा अर्थ सांगणं म्हणजे पंढरपूरच्या माणसाला दुसरा विठोबा दाखवण्यासारखं आहे. त्या काळी स्कूटर दुकानात जाऊन घेता येत नसे, तिला नंबर लावावा लागे. अण्णांनी नंबर लावला तेव्हा मी रांगत होतो. गाडी दारात आली तेव्हा मी तिसरीत होतो आणि पाढे म्हणत होतो. एवढी वाट पाहिल्यावर ती गाडी लगेच सुरू होईल ही अपेक्षाच अन्यायाची होती. सकाळी पूजा आटोपून अण्णा तिच्याकडे वळत. आधी पेट्रोलचा कॉक, मग चोक, मग गाडी अलगद एका अंगावर कलती करायची, तशीच क्षणभर धरायची, पुन्हा सरळ करायची आणि मग किक. पाच, सहा, सात... आई खिडकीत उभी राहून मोजत असे. अकराव्या किकेनंतर प्लग निघे, तो पुसला जाई, आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्या दिवशी ती पहिल्याच किकेला सुरू होई त्या दिवशी अण्णा संध्याकाळी आल्यावर चपला काढायच्या आत तेवढंच सांगत, “आज एका किकमध्ये सुरू झाली.” मग आई गोडाचा शिरा करी.

तर अशा घरात मी ‘किक स्कूटर’ आणली. अण्णांना वाटलं, इतरांना बटण असतं, हिला फक्त किक आहे, इतकाच फरक. फरक त्याहून मोठा होता. अण्णांची स्कूटर एकदा किक लागली की सातपूरपर्यंत जाऊन येई. माझी एका किकेला चार मीटर जाते. मग ती दुसरी किक मागते.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते झुरिकमध्ये. लेक तिथे नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि जेटलॅगमुळे पहाटे चारला उठून खिडकीत बसू लागलो. आठच्या सुमारास खालून चांगला सूटबूट घातलेला, कानशिलं पिकलेला एक गृहस्थ फळीवर उभा राहून सुळ्ळकन गेला. ट्रॅमच्या थांब्यावर त्याने फळी घडी केली, छत्रीसारखी काखेत मारली आणि तो आत जाऊन उभा राहिला. डब्यातल्या कोणीही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. मला हेवा वाटला तो फळीचा नव्हे, वळून न पाहणाऱ्या डब्याचा.

लेकीने मग त्या फळीचा इतिहास सांगितला, आणि नुसता न सांगता जागेवर नेऊन खाऊ घातला. झुरिकच्या बेलव्ह्यू चौकात श्टेर्नेन ग्रिल म्हणून भाजलेल्या सॉसेजचं जुनं प्रसिद्ध दुकान आहे. १९९० च्या सुमाराला विम आउबोटर नावाच्या झुरिककराला एका रात्री तिथलं सॉसेज खायची तीव्र इच्छा झाली. अडचण अशी की दुकान चालत जायला लांब होतं आणि सायकल बाहेर काढायला जवळ. तुमच्या-माझ्यासारखा माणूस घरातच पोळीचा लाडू करून झोपला असता. या गृहस्थाने त्या अंतरासाठी गाडी तयार केली. पुढे तीच घडीची, ॲल्युमिनियमची, सुबक झाली आणि २००० साली तिची जगभर अशी लाट आली की पोराटोरांच्या हातात लाखोंनी गाड्या गेल्या. जगात चाकाचा शोध कोणी आणि का लावला ते ठाऊक नाही, पण या दोन चाकांमागे निखळ भूक आहे हे मला फार आवडलं. मी शाकाहारी असल्याने नुसता पाव आणि मोहरीची चटणी घेतली. ती मोहरी थेट मेंदूत चढते. डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून मला नाशिकची मिसळ दिसली.

आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीपासून माझं मिसळीचं ठिकाण बरोबर दोन किलोमीटर आहे. रविवारी सकाळी चालत निघालं तर पोहोचेपर्यंत टेबलं भरतात, कार काढली तर मिसळीपेक्षा पार्किंग महाग पडतं. म्हणजे चालायला लांब आणि गाडी काढायला जवळ. आउबोटरचं अंतर ते हेच! आणि नीट विचार केल्यावर लक्षात आलं, की माझं सगळंच सध्या त्या अंतरावर आहे. वय ५४. मैदानावर पळायला गेलो तर तरुण मुलं “काका, सांभाळून” म्हणतात. बागेतल्या बाकावर बसायला गेलो तर ज्येष्ठ नागरिक “तुम्हाला अजून वेळ आहे” म्हणून सरकत नाहीत. साखर अजून मधुमेहात बसत नाही, पण डॉक्टर तिला ‘काठावर’ म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्यायाम करा, गुडघ्यांना धक्के बसणार नाहीत असा करा, आणि मुख्य म्हणजे रोज कराल असा करा. पहिल्या दोन अटी पोहण्याने भागत होत्या. तिसरीत पोहणं बुडालं.

स्कूटर मात्र तिन्हीत बसते, असं मी बायकोला समजावलं.

“बसते कुठे?” ती म्हणाली. “उभं राहायचंय ना?”

बायको शिक्षिका आहे. तिला पुराव्याने पटतं म्हणून मी १९१६ सालच्या एका छायाचित्राचा दाखला दिला. लंडनमध्ये फ्लोरेन्स नॉर्मन नावाची, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी बाई लांब कोट आणि टोपी घालून फळीच्या स्कूटरवर उभी राहून कामाला निघाली आहे. ती स्कूटर तिला नवऱ्याने वाढदिवसाला भेट दिली होती. “बघ,” मी म्हटलं, “शंभर वर्षांपूर्वी!” तिने चष्मा वर करून चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, “अहो, हिच्या स्कूटरला इंजिन आहे. आणि नवऱ्याने बायकोला दिलीय.” मी विषय अमेरिकेकडे वळवला. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात आमिश पंथाचे लोक राहतात. घोड्याच्या बग्ग्या वापरतात, मोटार ठेवत नाहीत. त्यांच्यातले बरेच लोक सायकलही टाळतात, पण स्कूटर चालवतात. कारण सायकल मिळाली की माणूस घरापासून फार लांब जातो; स्कूटरवाला दमून वेळेत परत येतो.

“हे आधी सांगायचं,” बायको म्हणाली. “घ्या.”

घेतल्यावर पहिला प्रश्न तिला काय म्हणायचं. फ्रेंचांनी तिला ‘त्रोतिनेत’ म्हटलं, दुडक्या चालीने जाण्याच्या क्रियापदावरून. स्विस मंडळी लाडाने ‘ट्रोटी’ म्हणतात. डच नुसतं ‘स्टेप’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे पूर्वी सायकलला ‘पायगाडी’ हा छान शब्द होता. सायकलने तो टाकून दिला, तेव्हा तो उचलावा असं मनात आलं. पण “पायगाडी घेतली” म्हटल्यावर शेजारच्या काकूंना पांगुळगाडा ऐकू आला आणि त्या लेकीची गोड बातमी समजून हळदीकुंकू घेऊन आल्या. तेव्हापासून आम्ही नुसतं ‘ती’ म्हणतो.

दुसरा प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरींनी काढला. ही वस्तू वाहन असेल तर पार्किंगचे महिना शंभर रुपये आणि गेटवरच्या वहीत नंबर. खेळणं असेल तर जिन्याखाली ठेवता येईल, पण खेळण्याचा वापर १२ वर्षांखालील मुलांनी करावा असा ठराव आहे. वॉचमनने ‘वाहन क्रमांक’ या रकान्यात बराच वेळ पेन धरून शेवटी माझा फ्लॅट नंबर लिहिला. फुटपाथवर गेलो तर चालणारे म्हणतात रस्त्यावर जा, रस्त्यावर गेलो तर रिक्षावाले म्हणतात फुटपाथवर जा. ना वाहन ना खेळणं, ना बसून ना चालत, ना रस्त्यावर ना फुटपाथवर. हिरण्यकश्यपूचा वर मोडायला नरसिंह खांबातून न येता हिच्यावरून आला असता तरी चाललं असतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या कुत्र्यांचंही धोरण ठरलेलं आहे : मोटारसायकलच्या मागे लागायचं, चालणाऱ्याकडे दुर्लक्ष करायचं. पहिल्या दिवशी मी आलो तेव्हा म्होरक्या उठला, दहा पावलं धावला, माझा खाली टेकणारा पाय पाहून थांबला, पाय वर गेल्यावर पुन्हा धावला, पाय टेकल्यावर पुन्हा थांबला. असं दुधाच्या केंद्रापर्यंत झालं. शेवटी तो मटकन बसला. मला त्याची दया आली. दमलो मीही होतो, पण निदान माझा गोंधळ उडाला नव्हता.

खरा गहिवर आला तो चौथ्या दिवशी. कॉलेज रोडकडच्या चढावर मी जोरजोरात पाय मारत होतो. मागून मोटारसायकलवर एक तरुण आला, वेग कमी करून माझ्या बाजूला लागला.

“काका, चार्जिंग संपलं का?”

“नाही रे, ही अशीच आहे.”

“लाजू नका काका, पाय लावू का?”

पेट्रोल संपलेल्या माणसाची गाडी दुसऱ्याने आपल्या गाडीवरून पायाने ढकलत पंपापर्यंत न्यायची, ही आपल्या रस्त्यांवरची सर्वांत उदात्त प्रथा आहे. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने पाय लावण्यासाठी माझ्या गाडीचा मागचा भाग शोधायला सुरुवात केली. तो न सापडल्याने त्याने माझ्याकडे पाहिलं. मला मागचा भाग होता. सुदैवाने चढ संपला.

आता चालवण्याच्या शास्त्राविषयी. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, एक पाय फळीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने जमीन ढकलायची, त्यात शिकायचं काय? शिवाय आमच्या पिढीने सायकल अशीच शिकली आहे. तासाच्या भाड्याने आणलेली मोठ्यांची सायकल, डाव्या पेडलवर डावा पाय, उजव्याने गल्लीभर जमीन ढकलत जायचं, मग नळीखालून पाय घालून अर्धं पेडल, मग नळीवरून, आणि सीटवर बसेपर्यंत भाड्याची वेळ संपायची. मानवजातही याच क्रमाने शिकली. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल फोन ड्राईसने दोन चाकांची लाकडी गाडी रस्त्यावर आणली तेव्हा तिला पेडल नव्हतं. वर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत तो तासाभरात १३-१४ किलोमीटर जाऊन आला. पेडल यायला १८६० चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे चाळीसेक वर्षं युरोपातली शहाणी माणसं पायाने जमीन ढकलत होती आणि त्यांना कोणी ‘पाय लावू का’ विचारलं नव्हतं.

पण ड्राईसला बसायला जागा होती. इथे नाही, आणि सगळी गंमत, म्हणजे सगळा त्रास, तिथेच आहे. लोकांना वाटतं की जो पाय जमिनीला मारतो त्याला व्यायाम होतो. तो पाय हिंडूनफिरून मजेत असतो. मरतो तो फळीवर उभा असलेला. मारणारा पाय जमिनीला टेकायचा तर उभ्या पायाचा गुडघा दर वेळी वाकवावा लागतो. दर किकेला एका पायावरची अर्धी बैठक. फळी जमिनीपासून जितकी उंच तितकी बैठक खोल, म्हणून जाणकार फळीची उंची बोटांनी मोजून गाडी घेतात. मी रंग पाहून घेतली. एका किकेला चार मीटर, म्हणजे किलोमीटरला अडीचशे किका. डॉक्टरांनी ‘रोज एका पायावर अडीचशे अर्ध्या बैठका मारा’ असं सांगितलं असतं तर मी डॉक्टर बदलला असता. इथे दुधाची पिशवी आणता आणता शंभर होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मला माझ्या बसण्याच्या जागेच्या आत किती स्नायू आहेत आणि ते कुठे कुठे आहेत, हे न पाहता सांगता येत होतं. ३० वर्षं बँकेच्या खुर्चीत ती मंडळी निवृत्त झाल्यासारखी पडून होती. त्यांना कोणीतरी पुन्हा कामावर बोलावलं होतं आणि त्यांनी लगेच संप पुकारला होता.

यावर उपाय म्हणजे पाय बदलणं. पाच-दहा किका झाल्या की उभ्या पायाची टाच बाहेर वळवायची, शेजारी मारणारा पाय आणायचा आणि चालत्या गाडीवर कामांची अदलाबदल करायची. लंगडीत पाय बदलला की बाद. इथे पाय बदलला नाही की बाद. मला हे जमेना. माझा उजवा पाय हुशार आहे, त्याला मारायचं काम आवडतं. डाव्याला जमीन मारायला सांगितली की तो भलत्याच वेळी, भलत्याच ठिकाणी, सरकारी पाहुण्यासारखा पोहोचतो. म्हणून दोन महिने मी सगळा कारभार उजव्यावर ठेवला. एक दिवस बूट घेऊन आमच्या नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो. मामांनी दोन्ही बूट उलटे करून शेजारी ठेवले. डावा दुकानातून आणल्यासारखा. उजव्याचा तळ पापडासारखा.

“साहेब,” मामा हळूच म्हणाले, “डाव्या पायाला कधीपासून आहे?”

मी सगळी हकिगत सांगितली. मामांनी ऐकून घेतलं, सुई मेणावरून ओढली आणि म्हणाले, “मग एकाच बुटाचे पैसे घेतो. पण दुसऱ्यालाही जरा कामाला लावा. बसून खाणारा घरात एक असला की पुरे होतो.” मी तेव्हापासून डाव्याला कामाला लावलं. पंधरा दिवसांत तो शिकला. आता तर कधी कधी वाटतं की उजव्यापेक्षा तोच मन लावून काम करतो. उशिरा नोकरीला लागलेली माणसं करतात तसं.

एका गोष्टीला मात्र कुठलाही पाय अपवाद नाही, ती म्हणजे घोटा. गाडी हातात धरून वळवताना फळी गर्रकन फिरते आणि घोट्याच्या हाडावर नेमकी बसते. त्या क्षणी माणूस जे बोलतो ते मातृभाषेत बोलतो. झुरिकच्या त्या सुटातल्या गृहस्थाच्या घोट्यावरही खुणा असणार याची मला खात्री आहे, आणि त्यामुळे तो मला फार जवळचा वाटतो.

रस्त्यांचं म्हणाल तर माझ्या गाडीचं चाक २०० मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम वीतभर व्यासाचं. कार ज्याला रस्ता म्हणते त्यात या चाकाला सह्याद्रीच्या रांगा लागतात. सायकलचं मोठं चाक खड्यावरून उडी मारून जातं; माझं चाक खड्यापाशी थांबून विचार करतं आणि मी मात्र पुढे जातो. फिनलंडमध्ये बर्फावर लोक पूर्वापार एक पाय पट्टीवर ठेवून दुसऱ्याने ढकलायची घसरगाडी वापरतात. तिथल्याच एकाने १९९० च्या दशकात तिला चाकं लावली, पुढचं सायकलएवढं मोठं आणि मागचं लहान. तसल्या गाड्यांवर युरोपात शर्यती होतात, माणसं देश ओलांडतात. मी पेव्हर ब्लॉक ओलांडतो. पहिल्याच सकाळी मुठीतला कंप मनगटातून कोपरात, कोपरातून जबड्यात गेला आणि मला माझी चांदी भरलेली दाढ कोणती ते आठवलं. त्यात सिंहस्थ जवळ आला की आमचं शहर खोदायचा मुहूर्त निघतो. आज गुळगुळीत असलेला रस्ता उद्या गोदावरीकडे वळलेला असतो. त्यामुळे मी गाडीवर उभा राहून सतत खाली, चार हात पुढे पाहत जातो. ओळखीच्या लोकांना वाटतं की यांचं काहीतरी हरवलंय. अनेकांनी थांबून शोधायला मदत केली आहे.

आणि हे सगळं नाशिकमध्ये! नाशिक म्हणजे सायकलवाल्यांची पंढरी. आमच्या गावच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. तेव्हापासून गल्लीगल्लीत अंगाला चिकटलेले कपडे, टोकदार हेल्मेट आणि लाखभर रुपयांच्या सायकली दिसतात. पहाटे गंगापूर धरणाच्या दिशेने त्यांचे थवे जातात. मला ओलांडताना प्रत्येक जण मान किंचित झुकवतो. आदराने नव्हे, मी काय चालवतोय ते पाहायला. एकदा एकाने थांबून विचारलं, “सर, आज किती केले?” मी म्हटलं, “आठशे.” तो हादरला. मी ‘मीटर’ हा शब्द थोडा उशिरा उच्चारला.

पोरांचं मात्र तसं नाही. त्यांच्यात मला मान आहे, कारण माझ्याकडे त्यांना हवी असलेली वस्तू आहे. संध्याकाळी गेटमधून आत शिरलो की “काका, एक राउंड!” म्हणत सात-आठ जण घेरतात. ब विंगमधला आठ वर्षांचा एक मुलगा माझा गुरू आहे. त्याने मला मागच्या चाकावरच्या पत्र्यावर टाच दाबून ब्रेक मारायला शिकवलं, पाय बदलताना “खाली नका बघू काका, समोर बघा” हेही त्यानेच सांगितलं. गुरुदक्षिणा म्हणून रोज दोन राउंड घेतो. एकदा त्याने मला सरळच विचारलं, “तुम्ही मोठे आहात, मग का चालवता?” मी साखर, गुडघे, काठावरचं वय, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. “म्हणजे मजा येते म्हणून नाही?” त्याने विचारलं. मी इकडेतिकडे पाहिलं. जवळपास कोणी मोठं माणूस नव्हतं. “येते ना,” मी म्हटलं, “जाम येते.”

हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. उतारावर दोन्ही पाय फळीवर असतात, वारा शर्टात शिरतो, कानाशी चाकांचा बारीक आवाज येतो आणि साधारण ४० मीटर कोणीही आपल्याला काही मागत नाही, ना बँक, ना सोसायटी, ना गुडघा. लहानपणी फळकुटाला बेअरिंगं ठोकून आम्ही गाडा करायचो तेव्हाचा उतार असाच होता. मोठं होताना गाड्या मोठ्या झाल्या, उतार तेवढेच राहिले, आणि काच वर केल्यामुळे वारा बंद झाला.

मिसळीची मोहीम शेवटी निफाडच्या थंडीच्या बातम्या येत होत्या त्या एका रविवारी निघाली. दोन किलोमीटर, पाचशे किका, अडीचशे उजव्या आणि अडीचशे डाव्या, असा न्याय्य हिशेब. मी विसाव्या मिनिटाला पोहोचलो, आणि टेबल मिळालं! गाडी घडी करून खुर्चीखाली सरकवली, काळ्या मसाल्याचा रस्सा दोनदा मागितला, पापड मोडला, पाव तीन खाल्ले. हिशेबात एवढंच धरलं नव्हतं, की येताना उतार होता म्हणजे जाताना चढ असणार, आणि जाताना मिसळही बरोबर असणार. पोटातली मिसळ घेऊन एका पायावर अर्ध्या बैठका मारण्याबद्दल आउबोटरने काही सांगून ठेवलेलं नाही. अर्ध्या वाटेवर मी गाडी काखेत मारली आणि रिक्षाला हात केला. रिक्षावाल्याने फळीकडे पाहून विचारलं, “हिचं वेगळं सीट होईल का साहेब?” म्हटलं, तिला बसायची सवय नाही.

साखर तीन महिन्यांनी तपासली, ती अजून काठावरच आहे, पण डॉक्टर म्हणाले, काठाच्या अलीकडे. माझी पँट डाव्या पोटरीला घट्ट होत होती, ती आता दोन्हीकडे सारखी घट्ट होते. आत्याने परवा विचारलं, “अजून चालवतोस का रे ते?” आणि मग आवाज खाली करून, “संगमनेरच्या मामांना सांगू नकोस, पण माझ्या गुडघ्याला चालेल का?”

गेल्या शुक्रवारी बँकेतून आलो तर गाडी जिन्याखाली नव्हती. पोरं शाळेच्या सहलीला गेलेली, बायको घरात. पार्किंगमधून वॉचमनचा आवाज आला, “आबा, हळू, मी धरलंय.” खांबाआडून पाहिलं. अण्णांची काठी भिंतीला टेकून ठेवलेली होती. अण्णा दोन्ही मुठी धरून उभे होते, एक पाय फळीवर, एक जमिनीवर. वॉचमनने त्यांना एका बाजूने घट्ट धरलं होतं. मी पुढे होणार तेवढ्यात अण्णांनी मुठींवरची पकड पक्की केली, गाडी अलगद एका अंगावर कलती केली, तशीच क्षणभर धरली आणि पुन्हा सरळ केली. मग त्यांनी पायाने जमिनीला एक हलका रेटा दिला.

गाडी तीन हात पुढे गेली. बरोबर वॉचमनही गेला.

अण्णांनी मान वळवली. मी खांबाआड आहे हे त्यांना कधी कळलं कोण जाणे.

“अरे,” ते म्हणाले, “एका किकमध्ये सुरू झाली.”